मळ्यावरची नोकरी

हडपसर,
१८ जानेवारी २००९

ती. आईस कृ. शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू 'बरं' म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून पत्र. काल ऑफिसातले आम्ही सगळे दौंडच्या अलीकडे एका द्राक्षमळ्यावर गेलो होतो. तिथे वाइन करतात. लगेच देव्हाऱ्यापुढे जाऊन बसू नकोस, आधी पुरतं वाच.

दुपार कलली तसा सगळा मळा हिरवट उजेडात बुडून गेला. पानांआड काळेभोर घड, वारा नाही, तरी कुठूनतरी पिकल्या फळांचा वास. मी चालत होते की कुणी मला चालवत होतं, कळेना. ऑफिसात संगणकापुढे बसलं की बाहेर कधी अंधारलं त्याचा पत्ता नसतो. इथे संध्याकाळ येताना दिसली.

मग पेले हुंगून कशाची आठवण येते ते सांगायचं होतं. मला ओल्या गवताची आली, कोकमाची आली, आपल्या परसातल्या जांभळांची आली. मी बडबडतच सुटले. मळ्याचे मालक बापूराव म्हणाले, पाहुण्यांना मळा दाखवायला असंच कुणीतरी हवं आहे, याल का? आई, मला जायचं आहे. हो, घोटभर चाखलीही, तुझ्याशी खोटं बोलत नाही. बाबांचं आठवून तू काय म्हणशील ते ठाऊक आहे. तरी तुझ्या होकाराशिवाय इथली नोकरी सोडणार नाही.

रागावून झालं की उरलेली माया पाठव.

तुझी
नम्रता


अंबाजोगाई,
२६ जानेवारी २००९

चि. नम्रतास अनेक उत्तम आशीर्वाद.

जांभळांची आठवण यायला दारू हुंगावी लागली, हे वाचून धन्य झाले. झाड अजून इथेच आहे. एसटी मिळते.

होकार मागितलास, तो नाही. तुझे बाबाही पहिल्यांदा घोटभरच म्हणाले होते. पुढे त्यांच्या पावलांच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार ते मी ओळखायला लागले. ते गेले तेव्हा तू दहावीत होतीस, तुला सगळं कळत होतं. त्या बाटलीने माझं घर खाल्लं आणि तू ती हसतमुखाने लोकांना वाटणार?

थंडी आहे, स्वेटर घालत जा. आशीर्वाद आहेतच, हट्ट सोडलास तर आणखी मिळतील.

तुझी
आई


हडपसर,
३ फेब्रुवारी २००९

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रडले. त्यातलं एक अक्षरही खोटं नाही, म्हणून वाद घालत नाही. एवढंच मागते, नाही म्हणायचं ते मळा बघून म्हण. २२ तारखेला आमचा गट पुन्हा जातो आहे. माझ्या खोलीत राहणारी मेहजबीनही येईल. ती थेंबालाही शिवत नाही, तुला तिची सोबत होईल. माझी आई रागावली तर मी तुझ्यामागे लपणार, असं तिला सांगून ठेवलं आहे.

हल्ली पहाटे एकच स्वप्न पडतं. मी वेलींमधून चालते आहे, पलीकडच्या ओळीत तू आहेस. पानांआड नुसतं तुझं पातळ दिसतं. हाक मारते, पण तू वळत नाहीस.

बघूनही नाही म्हणालीस, तर बापूरावांना नाही कळवीन आणि पुन्हा विषय काढणार नाही. ये. मायेत काटकसर नको.

तुझी
नम्रता


अंबाजोगाई,
२५ फेब्रुवारी २००९

चि. नम्रतास अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. मेहजबीनने बांधून दिलेले पराठे बीडच्या आधीच संपले. तुझ्यापेक्षा मऊ करते.

मळ्यावर मी काहीच बोलले नाही, तेव्हा तुझा जीव टांगणीला लागला असेल. पिंपं ठेवलेल्या त्या तळघरात गाभाऱ्यासारखा गारवा होता. बापूराव समोर आले आणि माझा उजवा तळवा आपोआप पुढे झाला. बिचाऱ्यांनी थेंबभर ओतली. मी ती तीर्थासारखी घेतली आणि ओला हात डोक्यावरून फिरवला! तुझे ऑफिसवाले चेहरा सांभाळत होते, मेहजबीन मात्र ओढणीत तोंड खुपसून हसत होती. ज्या वासाने रात्री माझं घर भरून जायचं, तो यात नव्हता असं म्हणणार नाही. होता.

मग बापूरावांनी घोट घेतला, तोंडात घोळवला, डोळे मिटून जरासे हसले आणि शेजारच्या भांड्यात थुंकून टाकला. एवढ्या पिंपांचा धनी माणूस! पाठोपाठ तूही तसंच केलंस. तोंडात आलेली दारू माणूस परत टाकू शकतो, हे मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मी बाहेर वेलींमध्ये गेले ती रडायला. तू ऊन लागलं समजून पाणी आणलंस. तुझे बाबा वाईट नव्हते गं. त्यांना थांबता येत नव्हतं.

माझी भीती गेलेली नाही. ती माझी आहे, मी सांभाळीन. तू जा. फक्त एक कर. कुणाच्याही हातात पेला देण्याआधी त्याला ते भांडं दाखव आणि ते कशासाठी आहे ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग. लाजू नकोस.

आशीर्वाद या वेळी अटीशिवाय.

तुझी
आई