कोपऱ्यावरची पेटी

ति. ताईस,

साष्टांग नमस्कार लिहायचा म्हणजे आधी आठही अंगांची संमती घ्यावी लागते, आणि माझे दोन्ही गुडघे सध्या विरोधात आहेत. तेव्हा हा उभ्यानेच केलेला नमस्कार गोड मानून घे. तुझी तब्येत कशी आहे? कानाचे यंत्र लावतेस, की झिजेल म्हणून अजून कपाटातच जपून ठेवतेस? मी ठणठणीत आहे. राग आला की माझी प्रकृती सुधारते हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे, आणि नव्या घरी आल्यापासून रागाचा एका दिवसाचाही खाडा झालेला नाही. (पानांची मागची बाजू कोरी का सोडली असे विचारू नकोस. अक्षर एवढे मोठे का, हेही विचारू नकोस. माझे डोळे चांगले आहेत.)

माझे मागचे पत्र मिळाले नाही म्हणून तू रुसली असशील. मी लिहिले होते, चांगले चार पानी, आणि पाकिटावर पत्ताही बरोबर घातला होता. त्याचे पुढे काय झाले ते सांगायचे तर पेटीची हकिकत सांगावी लागेल, आणि पेटीची सांगायची तर या वसाहतीची. म्हणून जरा टेकून बस.

घर घेताना आम्हाला एक गुळगुळीत माहितीपत्रक दिले होते. त्यावर झाडाखाली हसणारे एक कुटुंब होते आणि खाली लिहिले होते, ‘सर्व सुविधा पाच मिनिटांवर’. आता कॉन्व्हेंटात सिस्टरनी आम्हाला एवढे तरी शिकवले की लिहिलेले आहे म्हणून खरे मानू नये, तपासावे. मी घड्याळ लावून चालले. बसथांबा चौदा मिनिटे. वाणी नऊ मिनिटे, परतताना पिशवी धरून सोळा. बाग अकरा मिनिटांवर आहे, फक्त तिच्यात अजून झाडे नाहीत, बाक आहेत. विक्रीच्या ऑफिसात जाऊन मी तिथल्या टायवाल्याला विचारले, पाच मिनिटे कुठल्या पायांनी? तो म्हणाला, “गाडीनं हो, मॅडम.” मी म्हटले, कुठली गाडी? तर म्हणतो, “ती तुमची तुम्ही आणायची ना!”

दवाखाना मात्र खरोखरच पाच मिनिटांवर आहे. पाटी पाहून मी हरखून आत गेले, नंबर लावला, शेजारी एक बाई मांडीवर मांजर घेऊन बसली होती (मला वाटले, हौस असते एकेकाला). समोर एक गृहस्थ बोकडाची दोरी धरून उभे राहिले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण नंबर आला होता आणि आलेला नंबर मी सोडत नाही. डॉक्टर फार सभ्य. त्यांनी मला हाकलले नाही. गुडघ्यांबद्दल ऐकून घेतले आणि म्हणाले, “मी औषध देऊ शकत नाही, आजी, पण या वयात घोड्यालाही मी बांधून ठेवू नका असंच सांगतो.” तेव्हापासून रोज चालते. आधीच्या हाडांच्या डॉक्टरने तीन वर्षांत एवढे शहाणपणाचे वाक्य उच्चारले नव्हते.

तशी मी सुखात आहे, ताई, हे तुझ्यापाशी कबूल करते. (जावयापाशी करणार नाही. घर त्याने सुचवले होते.) नळाला पाणी वेळेवर येते, खिडकीतून सकाळचे ऊन थेट माझ्या खुर्चीवर पडते, आणि बसचा चालक मी लांबून येताना दिसले की बस थांबवून ठेवतो. प्रेमाने नव्हे, एकदा न थांबता गेला होता, दुसऱ्या दिवशी मी त्याच्याशी बोलले, म्हणून. एकच उणीव होती, आणि ती अशी की मी जेवता जेवता घास ठेवून उठत असे. वसाहतीत टपालपेटी नव्हती.

इथल्या सगळ्यांना ती चैन वाटते. फोन करा ना, म्हणतात. त्यांना काय सांगू? गेल्या खेपेस मी फोनवर “आमच्याकडे पाणी आलं” म्हटले, तू “कोण गेलं?” म्हणून रडायला लागलीस आणि दुपारपर्यंत तुझ्या सुनेने चार नातेवाइकांना कळवले होते. त्या दिवशी मी ठरवले की आपण दोघींनी कागदावरच बोलायचे. कागदावर तुला ऐकू येते. आणि एका पत्रासाठी चौदा मिनिटे चालून, बसने दोन थांबे जाऊन परत यायचे, असे किती दिवस चालणार? माझे गुडघे म्हणजे काही सरकारी नोकर नव्हेत. आठवड्याचे पत्र पंधरवड्यावर गेले. पुढे महिन्यावर जाईल आणि मग एके दिवशी आपण एकमेकींना फक्त आठवत बसू, ही भीती मला खरोखर वाटू लागली.

म्हणून वसाहतीच्या सुविधा कार्यालयाने घरोघर फॉर्म वाटला, ‘आपणांस कोणती सुविधा हवी?’, तेव्हा मी एका ओळीत, स्वच्छ अक्षरात, मराठीतच लिहून दिले. (इंग्रजीत लिहिले असते तर शिष्ट म्हणाले असते.) आणि पंधरा दिवसांत पेटी आली! ट्रकमधून आली. चार माणसांनी उतरवली. हिरवीगार, माझ्या कमरेइतकी उंच, पत्र्याची, वर झाकण. माझ्या खिडकीसमोरच्या कोपऱ्यावर बसवली. मी चष्मा लावून फट शोधत होते, तोवर समोरच्या इमारतीतला एक गृहस्थ आला, झाकण उचलले आणि केळीची साले टाकून निघून गेला.

मी तशीच सुविधा कार्यालयात गेले (सात मिनिटांत, रागात मी लवकर पोहोचते). तिथला कारकून म्हणजे थंड गोळा. मी त्याला जेवढे ऐकवायचे तेवढे ऐकवले, अक्षरओळख नाही का इथपर्यंत गेले. तो फाइल काढून म्हणाला, “आजी, तुम्ही मागितलीत तीच दिलीय. माप लिहिलं नव्हतं म्हणून मोठ्यातली दिली.” आणि त्याने माझाच फॉर्म माझ्यापुढे ठेवला. माझ्याकडे नेमका त्या वेळी चष्मा नव्हता. (होता, पण नव्हता असे समज. पुढे बोलते.) मी म्हटले, बरं, बघते, आणि घरी आले.

आता गंमत ऐक. त्या पेटीमुळे मला सगळी वसाहत भेटली. आठ महिने मी इथे राहत होते आणि जिन्यातल्या माणसालाही ओळखत नव्हते. पण कचरा टाकायला माणूस स्वतः खाली येतो, आणि खाली आला की माझी खिडकी समोर. कोण ओला-सुका वेगळा करतो, कोण झाकण उघडे टाकतो, मला सगळे कळू लागले आणि मी ते त्यांना सांगू लागले. त्यांनी माझे नाव ‘पेटीवाल्या आजी’ ठेवले. तळमजल्यावर ‘कर्नल’ राहतात (लष्कराशी संबंध नाही, कागदगिरणीत कोठारपाल होते, पण मिशी तशी आहे). ते रोज मला सलाम करूनच झाकण उचलतात. त्यांच्याच हाती मी तुझे ते चार पानी पत्र दिले होते, ते शहरात निघाले होते म्हणून. ते फाटकाबाहेर पडले, आणि कुणीतरी आपल्याला पेटीत टाकायला काहीतरी दिले आहे एवढेच त्यांना आठवले. पुढचे सांगायला नको. त्यांनी नंतर माझी तीनदा क्षमा मागितली. मी दोनदा केली आहे.

त्या प्रसंगाने मात्र काम झाले. सगळ्यांना माझे पत्र गेल्याची हळहळ वाटली. मी अर्ज लिहिला (या खेपेस कर्नलांच्या मुलीकडून तपासून घेतला), खिडकीत बसून कचरा टाकायला येईल त्याची सही घेतली, झाकण उघडायच्या आधी. एकशे बारा सह्या झाल्या. प्राण्यांचे डॉक्टर तर दोनदा करायला तयार होते. पोस्टाने पेटी दिली, ताई! लाल, छोटी, देखणी, त्या हिरव्या धेंडाशेजारी नव्या नवरीसारखी उभी आहे. पण पोस्टाच्या साहेबांनी अट घातली. पेटी महिनाभर प्रयोगासाठी. रोज सरासरी दहा पत्रे पडली तर राहील, नाहीतर उपटून नेणार.

सह्या एकशे बारा आणि नेमाने पत्रे लिहिणारी मी एकटी! पोस्टमन चार वाजता पेटी उघडतो आणि मला खिडकीत पाहून मोठ्याने आकडा सांगतो. पहिल्या दिवशी म्हणाला, “सात! त्यातलं एक बिस्किटाचं वेष्टन, आजी.” तेव्हापासून मी रोज दुपारी तीन ते चार या वेळात माझ्या खोलीत लोकांना लिहायला बसवते. कागद माझा, शाई माझी, दटावणीही माझी. डॉक्टर आईला लिहितात, आणि जनावरांच्या औषधांची चिठ्ठी लिहिल्यासारखे अगदी तीन ओळींत संपवतात. मी परत बसवते. कर्नल आपल्या जुन्या गिरणीच्या मालकाला लिहितात, जो हयात आहे की नाही त्यांना ठाऊक नाही. इस्त्रीवाली बाई पहिल्या दिवशी म्हणाली, “मला काय लिहायचं, मी बरी आहे.” मी म्हटले, तेच लिही. तिने लेकीला लिहिले, मी बरी आहे. चौथ्या दिवशी लेकीचे उत्तर आले, दोन पाने भरून. ते तिने इस्त्रीच्या टेबलाखाली घडी करून ठेवले आहे आणि कपडे देताना प्रत्येकाला दाखवते. आता ती रोज येते, आणि मला शुद्धलेखन विचारते. मला!

आज सरासरी साडेआठावर आहे. महिना संपायला नऊ दिवस उरले. मोठ्यांना नमस्कार, तुझ्या सुनेला आशीर्वाद, आणि तिला सांग की आमच्याकडे कुणीही गेलेले नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. तू शाळेत मराठी शिकवत होतीस आणि माझी पत्रे लाल शाईने तपासून परत पाठवायचीस, म्हणून तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. फॉर्मवर मला ‘पत्राची पेटी’ लिहायचे होते. मी ‘पत्र्याची पेटी’ लिहिले. एक ‘य’ जास्त पडला, आणि त्या ‘य’ला उतरवायला चार माणसे लागली. बाबांनी तुला मराठी शाळेत घातले आणि मला कॉन्व्हेंटात, चूक त्यांची. कारकुनाला मी अजून काही बोललेले नाही. बोलणारही नाही.

आणखी ता. क. आता मुद्द्याचे. तुझ्या वहीत सगळ्या नातेवाइकांचे पत्ते आहेत ते सर्व उतरवून पाठव. शिलाई मशीनवरून ज्याच्याशी मी बावीस वर्षे बोलले नाही, त्या मावसभावाचासुद्धा. मी माफी मागणार नाही. पत्ता बरोबर आहे का, एवढेच विचारीन. तो ‘बरोबर आहे’ म्हणेल, मग मी ‘कळले’ म्हणून लिहीन. तीच दोन पत्रे झाली.

शेवटची ता. क. हे पत्र तुला सात पाकिटांतून मिळेल, दर पाकिटात एकच पान, पाकिटावर आकडा घातला आहे. पोस्टमन म्हणाला, नियमात बसते. तू सगळे लाल शाईने तपासून परत पाठव. मी चुका सुधारून सातही पुन्हा पेटीत टाकीन. आणि हे सातवे पाकीट तुझ्या हाती सर्वांत आधी पडले, तर पहिली ता. क. असलेले सहावे पाकीट न फोडता तसेच परत कर. मी ते पुन्हा पेटीत टाकीन, तेही मोजतील.