काड्या बाजूला ठेवल्या तेव्हा

ड्युसेलडॉर्फ, सोमवार

लाडक्या काओरीला आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर दर वेळी तू म्हणतेस, "आई, बाबा गेले, आता तिथे एकटी काय करतेस? ओसाकाला ये." मी विषय बदलते. खरं म्हणजे वर्षभर माझा उजवा हात थरथरतोय. तुला सांगितलं असतं तर तू लगेच माझं तिकीट काढलं असतंस.

काल शेजारचे फोल्कमार मला ओकुबोबाईंच्या जपानी हॉटेलात जेवायला घेऊन गेले. चटईवर बसताना त्यांचे गुडघे असे वाजले की ओकुबोबाई म्हणाल्या, "साहेब, उठवायला क्रेन बोलावू का?" खूप दिवसांनी मी खळखळून हसले.

पण जेवायच्या काड्यांनी सुशी उचलली आणि त्या अशा थरथरल्या की घास सोयासॉसच्या वाटीत पडला. पांढऱ्या ब्लाउजवर डाग उडाले. शरमेनं माझी मान वर होईना. "घरी जाऊ या," मी पुटपुटले.

फोल्कमारांनी स्वतःच्या काड्या बाजूला ठेवल्या आणि सुशी सरळ बोटांनी उचलून तोंडात टाकली.

"ओकुबोबाई, चालतं ना असं?"

"चालतं म्हणजे? माझे आजोबा काड्यांनी सुशी खाणाऱ्यालाच हसायचे!"

मग मीही हातानंच जेवले, अगदी पोटभर.

अक्षर फार वेडंवाकडं आलंय. बघून घाबरशील, म्हणून हे पत्र टपालपेटीत टाकत नाही. रविवारी फोनवर हाताचं मीच सांगेन. फोल्कमारांचंही सांगेन बहुतेक. तू जरूर ये, पोरी. पण मला न्यायला नको, आमच्याबरोबर जेवायला ये.

तुझी हट्टी आई,
चिनात्सु