पहिल्या पानावरचा लेख

शनिवार, संध्याकाळ

आज शाळेच्या अंकाचं प्रकाशन झालं. संपादक म्हणून माझं नाव छापून आलंय. आनंद मात्र झाला नाही.

सुनंदाचा लेख अंकात नाही. सुनंदा माझ्या बाकावर बसते, बजाजनगरहून येते. कारखान्यात प्रेस मशीनवर तिच्या बाबांच्या उजव्या हाताची बोटं गेली आणि ते डाव्या हातानं सही करायला शिकले, एवढंच तिनं लिहिलं होतं. आम्हा मुलांच्या मंडळानं तोच लेख पहिल्या पानावर घ्यायचं ठरवलं. मुख्याध्यापकांनी तो काढला. म्हणाले, "छपाईचा खर्च ज्यांनी दिला, त्यांचाच तो कारखाना आहे. समजून घ्या."

मी म्हटलं, पैसे परत करू, हातानं लिहून भिंतीवर लावू. मंडळ तयारही झालं. पण सुनंदानंच मला जिन्यात गाठलं. "नको गं. बाबा लई घाबरलेत. अजून तिथंच कामाला हायेत ना."

मग भांडायचं तरी कुणासाठी?

पहिल्या पानावर आता कारखान्याच्या साहेबांचा शुभसंदेश आहे, खाली झोकदार सही. आणि माझ्या डोक्यात सारखं तेच, डाव्या हातानं सही करायला शिकलेले बाबा.

समारंभात साहेब म्हणाले, "मुलांनी निर्भीडपणे लिहिलं पाहिजे." टाळ्या झाल्या. शेजारी सुनंदाही वाजवत होती. मी तिच्याकडं पाहतच राहिले.

ती हळूच म्हणाली, "वाजव की. बघायलेत ते."

मी वाजवल्या.