उडत्या खारीच्या लेंड्या

६ एप्रिल
शेजारचा एन्सिओ माझं अ‍ॅस्पेन तोडणार! झाड कुंपणापलीकडे त्याच्या हद्दीत आहे. पण रोज बघते मी, म्हणजे माझंच. म्हणे नव्या सौनाच्या, त्या वाफेच्या न्हाणीघराच्या, खिडकीतून तळं दिसलं पाहिजे. "इम्पे, अंगावर वाफ, डोळ्यांसमोर तळं! माणसाला आणखी काय पाहिजे?"

अक्कल पाहिजे!

त्याच झाडावर उडती खार यायची. दोरीवरून सुटलेल्या रुमालासारखी अलगद. नवरा गेला त्या हिवाळ्यात मला बघावंसं वाटे ते तेवढंच. यंदा तिचा पत्ता नाही. बर्फ वितळलं, बुंध्याशी एक लेंडी नाही. लेंडी सापडली असती तर खारीचं घर म्हणून कायद्याने झाडाला हात लावता आला नसता.

९ एप्रिल
बहिणीच्या रानात लेंड्यांचा सडा! पिवळ्या, तांदळाएवढ्या. कॉफीचा डबा भरून आणला. बसमध्ये शेजारची म्हणते, "वास तरी घेऊ द्या!"

१० एप्रिल
बुंध्याशी अर्ध्या टाकल्या. सगळ्या टाकल्या तर संशय यायचा. तेवढ्यात एन्सिओ खोकला — मी धूम ठोकली. डबा तिथेच! नंतर गेले तर गायब. कोल्ह्याने नेला असणार.

१४ एप्रिल
एन्सिओनेच सरकारी पाहणीवाल्या बाईंना बोलावलं. कायद्याचा केवढा पुळका! बाईंनी गुडघे टेकून लेंड्या पाहिल्या. "उडती खारच. झाड तोडायचं नाही." मी मनात नाचले.

मग म्हणाल्या, "राहते कुठे पण?" आणि चढल्या माझ्या सौनाच्या पोटमाळ्यावर. तिथे लेंड्यांचा ढीग! "पिल्लांचे दिवस आहेत. उन्हाळा सरेपर्यंत हा सौना तापवू नका."

शनिवारी सौना नाही? मी काय बादलीत बसू? खार माझ्याच छपराखाली होती आणि मी लेंड्या बसने आणल्या! गाढव मी. एन्सिओ टोपी काढून उभा, तोंड सुतकी. "अरेरे, इम्पे."

१८ एप्रिल, शनिवार
दारात एन्सिओ. "माझा तापलाय. एकट्याला फार होते गं ती वाफ. आधी तू जा, मग मी." नको नको म्हणत टॉवेल उचलला.

खिडकीतून तळं अर्धंच दिसतं, मध्ये अ‍ॅस्पेन. आणि दिवस कलताना — आली! आली माझी खार! बुंध्याला चिकटली, मोठे डोळे करून बघत राहिली. मी आतूनच ओरडले, "एन्सिओ, खार!"

बाहेरून तो म्हणाला, "काय सांगतेस! खरीखुरी?"

१९ एप्रिल
काल एक लिहिलं नाही. कपडे घालताना एन्सिओच्या फळीवर, साबणाशेजारी, माझा कॉफीचा डबा दिसला. रिकामा.

म्हणजे माझ्या पोटमाळ्यावर त्यानेच — लबाड म्हातारा!

डबा होता तिथेच ठेवला. पुढच्या शनिवारी वेलदोड्याचे पाव भाजून नेणार आहे.