जादाचं गणित

अण्णा, धाकटीला अकरावीत जीवशास्त्राबरोबर गणितही घ्यायचंय आणि आई नको म्हणते. पुढं करते ती तुमचं नाव. खरं तर कारण मी आहे.

माझ्या वेळी मीच तुमच्या तोंडून ‘घे’ वदवून घेतलं होतं. सर म्हणाले होते, दोन्ही घेणाऱ्याची दमछाक होते, घरी विचारून ये. मी येऊन एवढंच सांगितलं की गणित असलं म्हणजे इंजिनिअरिंगचीही वाट मोकळी राहते. गणिताच्या वर्गात मी जिच्या मागं होतो ती मुलगी होती, हे नाही सांगितलं. सकाळी राहुरीतल्या आपल्या दुकानाचं शटर उचलताना तुम्ही म्हणालात, “घे मग. मी हाय.”

बारावीत तिनं मला स्टँडवर तोंडावर सांगितलं, माझ्या मागं येऊ नकोस. माझं डोकंच फिरलं. ती असेल त्या कॉलेजात पाय ठेवायचा नाही असं ठरवून मी तडक दुकानात आलो. तुम्ही पंपाच्या जळालेल्या मोटारीत नवी तार भरताय, ओठ हलताहेत. वेढे मोजताना तुमच्याशी कोणी बोलत नसे, गिऱ्हाईकसुद्धा दारात गप्प उभं राहायचं. मला हे लहानपणापासून ठाऊक, तरी बोललो : कॉलेज सोडलं, दोन्ही विषय झेपत न्हाईत. तुमचे ओठ थांबले. मोजणी चुकली. तुम्ही भरलेली सगळी तार उलगडायला घेतलीत.

पुढं जो येईल त्याला तुम्ही सांगायचात, “पोराची चूक न्हाई. मीच जादाचं वझं टाकलं त्याच्यावर.” मी तिथंच पाने-पक्कड पुसत ऐकायचो. ऐकून बरं वाटायचं मला, अण्णा. वर्ष सरायच्या आत तुम्ही गेलात ते हेच मनात घेऊन. तेव्हा धाकटी पाचवीत होती.

काल जेवताना ती म्हणाली, दादा, तू तरी आईला सांग की. मी खेकसलो, “त्या वर्गात कोण पोरगा हाय तुझा?” ती चक्रावली. “गणितात पोरगा कुठून आला?”

आईच्या हातातला घास तसाच राहिला. माझ्याकडं बघून म्हणाली, “म्हंजी तू पोरीपायी घेतलं हुतंस?” मी मान डोलावली. तिनं घास ताटात टाकला. “आन् ते मरोस्तर सोताला दोष देत गेले.” मग म्हणाली, “आता खरं सांग. झेपत हुतं का तुला?”

झेपत होतं, म्हणालो. आईनं धाकटीला सांगितलं, जा, घे. माझ्याशी आई त्यानंतर बोललेली नाही.

एक गोष्ट तिलाही नाही सांगितली. शेवटी शेवटी मी वर्गात त्या मुलीकडं बघायचंच विसरायचो. गणितं सुटायला लागली होती. मला आवडत होतं ते.