थंड बॉनेट

विपुलभाऊजी,

गिऱ्हाईक येण्याआधी अर्धा तास गाडी चालू ठेवा, म्हणजे निळा धूर दिसणार नाही, असं मला बजावून तुम्ही स्वतः वरूडला सटकलात. मी गाडी चालू केली नाही. रागवा, पण आधी पूर्ण वाचा.

अकोल्याचे मुनव्वरभाई बरोबर नऊला आले. टायर नाही, सीट नाही, आधी बॉनेटवर तळहात ठेवला. मग किल्ली फिरवली. मागे एवढा धूर झाला की शेजारच्या काकूंनी वाळत घातलेली चादर उचलली.

मी सरळ सांगितलं, "गाडी थंड असली की मिनिटभर धूर सोडते, मग थांबते. ऑइल खाते. इंजिनचे सील बदलावे लागतील, असं आमचा मिस्त्री म्हणतो."

ते हसले. "मले धुराचं काई नाई, वहिनी. बॉनेट गरम लागलं असतं, त मी चहा न पेताच उठलो असतो."

आधीची दोन गिऱ्हाइकं चहा न घेताच का उठली, ते मला आज कळलं. यांनी दोन कप घेतले, त्यामुळे तुमच्या वाटचं दूध संपलं आहे.

उद्या सकाळी आठला ते त्यांचा मिस्त्री घेऊन येतील. तुम्ही घरीच थांबा आणि खरं तेच बोला. खोटं बोलताना तुमचे कान लाल होतात.

तुमच्यावर भरवसा आहे. तरी गाडीच्या दोन्ही किल्ल्या मी शाळेत घेऊन चालले आहे; त्या उद्या आठला, मुनव्वरभाईंसमोरच मिळतील.

रागिणीवहिनी