कंबरेचा शेक

प्रिय आई,

तुझी गाडी सुटली आणि मी घरी येऊन आडवा झालो. हे पत्र तुला धाडायचं नाही, पण खोटं बोलून दमलोय, म्हणून लिहून मोकळा होतो. माझी कंबर धरलेली नव्हती. मी नसबंदी करून आलो होतो.

धाकट्या नातीच्या वेळी तुझी सून मरता मरता वाचली. तरी तू फोनवर 'आता एक मुलगा होऊ दे' म्हणत राहिलीस. खरं सांगितलं असतं तर बोलणी तिनंच खाल्ली असती. म्हणून कामावर कपाट उचलताना कंबर धरली, असं ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी तू बॅग घेऊन दारात हजर.

ऑपरेशनचं काही नाही गं. सुई टोचते तेवढीच, न्हाव्याकडे याहून जास्त वेळ जातो. नंतर मात्र ठणका लागतो. डॉक्टर म्हणाले, घट्ट चड्डी घाला, बर्फ लावा, ओझं उचलू नका. आणि तू मला रोज पालथं झोपवून कंबर शेकत बसायचीस. जिथं बर्फ हवा, त्याच्यावरच मी पडलेलो. तुझी सून स्वयंपाकघरात तोंड दाबून हसायची.

आज निघताना तू माझ्या कानाशी म्हणालीस, "तुझ्या बाबांचीही अशीच कंबर धरली होती, तुझी बहीण झाल्यावर. तुझी आजी बिचारी आठवडाभर शेकत होती."

मग आई, सगळं ठाऊक असताना तू मला का शेकलंस?

तुझा,
कंबर ठणठणीत असलेला मुलगा